डुबकीचं बियाणं

तांड्यावरचा सोमला तीस वर्षं ट्रॅक्टरच्या ट्यूबवर बसून तळ्यातली, मासोळीला गुदमरवणारी डुबकी उपसत आला. ही तरंगती वनस्पती माणसाची सावली पडली की बुडते आणि तो गेला की वर येते. पूर्वी एखादीच बुडायची. तिच्यामागे कोण लागतं? वरची तेवढी सोमला ओढायचा. आता अख्खं तळंच बुडी मारतं.

पाहणीला आलेली कॉलेजची मॅडम म्हणाली, "काका, तरंगणारी तुम्ही संपवली, बुडणारी बियाण्याला ठेवली. ही जात तुम्हीच घडवली."

"मंग हिले माहं नाव द्या."

मॅडमनं आपल्या सरांचं दिलं. तांड्यानं मात्र मॅडमचं बोलणं नीट लक्षात ठेवलं. मासोळीविना जाळं आलं की बायको चंदाबाईसुद्धा म्हणते, "तळं तुमीच नासवलं."