टोळ, मान्ना आणि साळवे अंकल

आमच्या शब्बाथशाळेतल्या खाऊच्या गोष्टी डब्यातल्या चिवड्यासारख्या आहेत. संपल्या असं वाटतं, पण डबा हलवला की तळाशी आणखी थोड्या निघतातच!

आमची मराठी ख्रिस्ती मंडळी दर रविवारी दिल्लीच्या द्वारका भागातल्या एका सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये जमते. मोठ्यांची उपासना झाली की मागच्या खोलीत मुलांची शब्बाथशाळा, म्हणजे बायबलच्या गोष्टींचा वर्ग, भरते. सरोजमावशी शिकवतात. त्या याच सोसायटीत राहतात. मी अकरावीत आहे, आणि चारचौघांत बोलायचं म्हटलं की मी मागच्या रांगेत लपते. म्हणून त्यांनी मला खाऊ सोपवला. "तू बोलू नकोस, तू वाढ!"

कल्पनाही त्यांचीच. ज्या रविवारी पवित्र शास्त्रातली जी गोष्ट, त्या रविवारी खाऊ त्याच गोष्टीतला.

मंडळीच्या कमिटीचे सेक्रेटरी साळवे अंकल यांना हे पसंत नव्हतं. "मुलांना धडा आठवत नाही, खाऊ आठवतो. बिस्किटाचा पुडा द्या आणि मोकळे व्हा!" असं ते प्रत्येक मीटिंगमध्ये म्हणत. बिस्किटं वाटायला कुणीही चाललं असतं. खाऊ बंद झाला, तर त्या खोलीत माझं काही कामच उरणार नव्हतं.

*

पहिल्यांदा मी बेखमीर भाकर केली. इस्राएल लोक मिसर देशातून इतक्या घाईत निघाले, की पीठ फुगायला वेळच नव्हता, असं सरोजमावशींनी समजावलं. सात वर्षांच्या टीनाने भाकर उलटसुलट करून पाहिली.

"ही तर पोळी आहे."

"हो, तशीच."

"मग आमची मम्मी रोज मिसर देश सोडते. तिला मेट्रो पकडायची असते!"

*

मग मान्ना. रानात लोकांना खायला काही नव्हतं, तेव्हा देवाने आकाशातून मान्ना पाठवला. मी मखाणे मधात घोळवले आणि लॉनवर पांढरी चादर अंथरून त्यावर पसरले. मुलांनी हवे तेवढेच वेचायचे, असा नियम होता.

मुलं वेचायला वाकली, तेवढ्यात गार्डभैया धावत आला. "अरे, ये किसने गिराया?"

"भैया, ऊपर से गिरा है," टीना अगदी खरेपणाने म्हणाली.

त्याने मान वर करून सगळे मजले पाहिले. "कौन से फ्लैट से?"

संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर नोटीस आली. बाल्कनीतून खाण्याच्या वस्तू टाकू नयेत!

*

बाप्तिस्मा करणारा योहान टोळ आणि रानमध खायचा. टोळ कुठून आणणार? मी भेंडीचे उभे काप बेसनात घोळवून कुरकुरीत तळले, प्रत्येकाला शेवयांचे पाय खोचले आणि शेजारी मधाची वाटी ठेवली. पहिला टोळ कोण खाणार यावरून भांडणं झाली. रोहनने सगळ्यांत जास्त खाल्ले.

दुपारी त्याच्या आईचा फोन आला. आता ओरडा बसणार, असं वाटून मी फोन स्पीकरवर टाकून आईच्या हातात दिला.

"तुमच्या मुलीने टोळ कशाचे केले होते? रोहन आणखी मागतोय."

"भेंडीचे," आई म्हणाली.

 पलीकडून आवाज चढला, "भेंडी? आमचा रोहन? यार, मला रेसिपी पाठवा. आणि त्याला भेंडी आहे हे बिल्कुल सांगू नका!"

*

मग पाच भाकरी आणि दोन मासे, ज्यांत येशूने हजारो लोकांना जेवू घातलं. मी मुद्दामच कमी आणलं होतं. पाच पाव आणि माशाच्या आकाराच्या दोन मोठ्या पुऱ्या. एवढ्याशात सगळ्यांनी वाटून खायचं होतं. पण ही बातमी घरोघरी आधीच पोचली होती. मुलं उपाशी राहतील, म्हणून प्रत्येक आईने गुपचूप एक डबा दिला होता! इडल्या, पराठे, ढोकळा, केक. खाऊन खाऊन मुलं थकली, तरी टेबल भरलेलंच.

नेमके साळवे अंकल आत डोकावले. "बघा! केवढं हे उरवलंय!"

"साळवे, तेव्हाही बारा टोपल्या उरल्या होत्या," सरोजमावशी म्हणाल्या. "त्यावर कुणी मीटिंग बोलावली नव्हती."

अंकलांचा चेहरा लाल झाला. "ठीक आहे. पुढच्या रविवारी मी स्वतः येऊन विचारतो, आज काय शिकलात. धडा सांगता आला नाही, तर त्याच दिवसापासून बिस्किटं."

*

त्या रविवारी एसाव आणि याकोब यांची गोष्ट होती. मी पॅन्ट्रीतल्या इंडक्शनवर मसुरीचं वरण शिजवलं आणि वरून लसणाची फोडणी दिली; सोबत घरून आणलेल्या पोळ्या होत्या. वास पार उपासनेच्या हॉलपर्यंत गेला.

सरोजमावशींनी सांगितलं, "थोरला एसाव रानातून भुकेने कासावीस होऊन आला. धाकट्या याकोबाकडे मसुरीचं वरण शिजत होतं. याकोब म्हणाला, आधी तुझा थोरलेपणाचा हक्क मला दे. आणि एसावाने तो देऊन टाकला. एका वाटीसाठी!"

"एवढा बुद्धू कोण असतो?" रोहन म्हणाला.

तेवढ्यात दार उघडलं. त्या दिवशी उपासनेत प्रभुभोजनाचा विधी होता, म्हणजे भाकरीचा एक तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट, आणि त्याआधी साळवे अंकल काहीच खात नाहीत. नोएडाहून ते तसेच उपाशी आले होते, आणि उपासनेनंतर त्यांची लांबलचक मीटिंगही झाली होती.

"काय शिजतंय?" त्यांनी दारातूनच विचारलं.

मी वाटी भरली. पण टीनाने ती माझ्या हातातून घेतली आणि छातीशी धरली.

"अंकल, आधी हक्क द्या."

"कसला हक्क?"

"आमचा खाऊ बंद करायचा."

 सरोजमावशी एकदम खिडकीबाहेर बघू लागल्या.

"अच्छा, घे बाई, दिला! आण ती वाटी."

अंकल मुलांच्या छोट्या खुर्चीत बसले. पोळीचे तुकडे बुडवून त्यांनी वाटी चाटूनपुसून संपवली. दुसरी मागितली, तीही संपवली. मग रुमालाने मिशा पुसल्या आणि चष्मा नीट केला.

"हं. आता सांगा, आजचा धडा काय होता?"

 रोहनने फक्त बोट दाखवलं, अंकलांच्या हातातल्या रिकाम्या वाटीकडे.