पपईच्या देठातले खडू

कडावच्या पुढं एक छोटं गाव आहे, तिथल्या अंगणवाडीत बायजा मदतनीस. सत्तावीस वर्षं खिचडी रांधायची आणि नाकं पुसायची, हे झालं कागदावरचं काम. कागदाबाहेरच्या उचापती मात्र विचारू नका.

खडूंचंच घ्या. आलेले खडू पोरांनी चार दिवसांत खाऊन संपवले. बायजाचा भाचा जितेश फार्महाउसांची छतं करतो, त्याच्याकडून तिनं उरलेलं पीओपी, म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस, आणलं. पपईची पोकळ देठं वीतवीतभर कापली, एका तोंडाला चिखलाचं बूच लावलं. करवंटीत पांढरं पीठ कालवलं, त्यात कुणाच्या घरची हळद, कुणाची नीळ, कुणाचा गेरू. हळदीचे डबे रिकामे झाले म्हणून आया भांडायला आल्या, तर हिनं त्यांनाच देठं धरायला बसवलं. खडू घट्ट होताना गरम होतो. चार वर्षांच्या रियानं देठाला हात लावला आणि तोंड पाडून म्हणाली, "आजी, याला ताप आलाय गं." मग सगळ्यांनी फुंकर घालघालून खडूंना बरं केलं.

आता चित्रं काढायची कुठं? अंगणवाडीसमोर नवाकोरा सिमेंटचा रस्ता. उद्या मोठे साहेब येऊन फीत कापणार होते. तोवर त्यावर कुणी पाऊल ठेवायचं नाही, असं रस्त्याचं काम करवून घेणाऱ्या सरपंच आबाजींनी घरोघर बजावलं होतं.

"पाऊल नको म्हणालेत," बायजा पोरांना म्हणाली. "गुडघ्यांवर चला रं."

दुपारपर्यंत रस्त्यावर मासे पोहायला लागले, निळे बैल चरायला लागले. आबाजी आले आणि त्यांचं टाळकंच सरकलं. "आत्ताच्या आत्ता पुसून काढ, बायजा. नायतर उद्यापासून घरी बस. मी वर कळवतो."

एरवी बायजाच्या जिभेला हाड नाही, पण इथं प्रश्न पोटाचा होता. नवरा गेल्यावर याच नोकरीनं तिला उभं ठेवलं होतं, आणि निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. ती घाबरली, चांगलीच घाबरली. मुकाट बादली न् खराटा घेऊन घासायला लागली. पोरंही लागली.

मासा गेला. माशाखालचं सिमेंटही गेलं. करडा गाळ वाहिला आणि खालची खडी उघडी पडली.

"आजोबा," रिया म्हणाली, "रस्तापण पुसला गेला."

आबाजींनी मागंपुढं पाहिलं. "थांब, बायजा. राहू दे चित्रं. शोभा येते."

"असं कसं? तुमीच सांगितलंत." खराटा आता भलताच जोरात चालला होता. "अजून निम्मा रस्ता हाय."

"पाया पडतो तुझ्या."

"आन् माझी नोकरी?"

"हाय तशी हाय. फक्त तोंड उघडू नको. आणि त्या खडीवर पीओपी ओतून जाड चित्रं काढ."

काढली. पोटासाठी काढली, आणि रात्रभर तिला स्वतःचाच राग येत राहिला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी फीत कापली, चित्रं पाहून खूश झाले, रियाजवळ वाकले. "काय काढलंयस, बाळा?"

"हे ना, पुसायचं नसतं," रिया सांगू लागली. "पुसलं की..."

आबाजींनी बायजाकडे पाहिलं. पोरीचं तोंड झाकायला बायजाचा हात उठलाच होता. तिनं तो रियाच्या डोक्यावर ठेवला.

"सांग गं," ती म्हणाली. "मोठ्यानं सांग."