कुऱ्हाड नव्हती, घोंगडं होतं

आत्याबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी शहागंजातल्या दुकानात एका गिऱ्हाइकाला साडी उलगडून दाखवत होते. फोनवर नवरा होता. "आई गेली गं..." एवढंच म्हणाला. दुपारचं जेवून, स्वतःचं ताट घासून, जरा पडते म्हणून पडल्या त्या उठल्याच नाहीत. असं मरण मागून मिळत नाही, असं आलेला प्रत्येक जण म्हणाला, आणि ते खरंच आहे. पण मला आधी रागच आला. सकाळीच आमटीतल्या मिठावरून आमचं वाजलं होतं आणि "संध्याकाळी बघते तुमच्याकडं" असं म्हणून मी घराबाहेर पडले होते. आता मी कुणाकडं बघू, सांगा!

आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात. माझ्या आत्याबाई, गिरजाबाई, सोयगावकडच्या मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. अर्धं आयुष्य मेंढरांमागं गेलं, आणि मुलाला कंपनीत नोकरी लागली तेव्हा एक काळं घोंगडं काखेत मारून शहरात आल्या. शाळा नावापुरतीच झालेली, पण पेपरचं वेड भारी. ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत, सकाळचा पेपर दुपारपर्यंत पुरवून पुरवून वाचायच्या. आणि वाचलेलं सगळं खरं! "पेपरात आलंय," असं म्हणाल्या की विषय संपला. एकदा दुधी भोपळ्याच्या रसाचं कौतुक छापून आलं, तर घरात रोज सकाळी प्रत्येकाच्या हातात हिरवा पेला. नवरा माझ्याकडं बघून डोळे फिरवायचा, पण आईपुढं निमूटपणे प्यायचा.

मग काही वर्षांपूर्वी ती उन्हाळ्यातली दुपार आली. गल्ली झोपलेली, घरोघरी कूलर घरघरत होते. आत्याबाई आतल्या खोलीत, पलंगाच्या पलीकडं, फरशीवर घोंगडं टाकून पडल्या होत्या. मागचं दार नेहमीसारखं उघडं. एक माणूस आत शिरला, खोलीत कुणी नाही असं समजून कपाटाकडं वळला आणि त्याचा पाय आला नेमका आत्याबाईंच्या तोंडाजवळ. तुम्ही-मी ओरडलो असतो. त्यांनी त्याचा घोटा धरला आणि खस्सकन ओढला. लोकर कातरायला मेंढरू धरतात ना, अगदी तसा. मागचा पाय धरायचा, तोल घालवायचा, खाली बसवायचं आणि डोळ्यांवर घोंगडं टाकायचं. अंधार झाला की जनावर गप होतं. हा गडीही गप झाला. पाय बांधायला हाताशी काय आलं, तर माझी नवीकोरी ओढणी! मग हाक मारली, "मंगल, अगं ये गं, माणूस धरलाय!" शेजारच्या मंगलताई धावत आल्या, ते दृश्य बघितलं आणि आल्या तशा किंचाळत बाहेर पळाल्या. गल्ली गोळा करून, पोलिसांना फोन लावून मगच परत आल्या.

संध्याकाळी बातमी घ्यायला वार्ताहर काही आला नाही. तो फोनवर मंगलताईंशी बोलला, आणि मंगलताई बोलायला लागल्या की हातचं राखत नाहीत. घरी आला फक्त फोटोवाला. "आजी, हातात काहीतरी धरा ना, फोटो भारी येईल," म्हणाला. अंगणात जळण फोडायची कुऱ्हाड पडली होती. दारी आलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं, म्हणून आत्याबाईंनी ती उचलली, पदर सारखा केला आणि छान हसल्या.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच पानावर फोटो, आणि वर ठळक अक्षरांत, 'आजीचा रुद्रावतार, कुऱ्हाडीने चोराला लोळवले!' खाली तर चोर रक्तबंबाळ होऊन गयावया करत होता. फोनवर फोन यायला लागले. गावाकडून त्यांचा भाऊ म्हणाला, "अक्का, नाव काढलंस!" मी पेढे आणले. आत्याबाईंनी बोट धरून बातमी वाचली. पुन्हा वरून वाचली.

"सुनंदा, ह्ये कुणाचं हाय?"

"अहो, तुमचंच की!"

"मी कवा कुऱ्हाड उचलली त्याच्यावर?"

मी म्हटलं, असू द्या, कौतुकच केलंय ना. झालं! त्या ताडकन उठल्या. "कसलं कवतिक? बांधलेल्या जिवावर कुऱ्हाड घातली म्हणत्यात मला! आमच्यात बांधलेलं जनावर आपल्या जिम्म्यात असतंय. त्याच्यावर हात उचलत नाय कुणी." मग खाली बसल्या आणि हळूच विचारलं, "मग बाकीचं बी असंच असतंय का गं? रोज वाचते त्ये?"

मी पेढ्यांचा डबा त्यांच्यापुढं सरकवला. पेढ्याला त्यांनी हात लावला नाही. पुढं काही दिवस पेपर दारात यायचा आणि घडी न मोडता तसाच पडून राहायचा. ज्या बाईच्या बडबडीला मी वैतागायचे, ती बाई घरात चूप झाली आणि माझाच जीव घाबरा झाला. लोक येऊन पाया पडायचे, आणि त्या जास्तच मिटून जायच्या. चारचौघांत मान मिळाला होता, पण तो त्यांना नको होता. आपण न दिलेला, पण आपल्या नावावर चढलेला मार त्यांना पुसून हवा होता.

एका सकाळी बघते तर लुगडं नीटनेटकं नेसून, घोंगडं काखेत मारून दारात उभ्या. "चल."

"कुठं?"

"पेपरवाल्याकडं."

रिक्षावाल्यानं आरशात बघून ओळखलंच. "अरे, वो कुल्हाडीवाली अम्मा तुमीच क्या?" "कुऱ्हाड नव्हती रे बाबा, घोंगडं होतं," म्हणत आत्याबाईंनी क्रांती चौकापर्यंत त्याला सगळी हकीकत ऐकवली. तो मागं वळून वळून ऐकत होता आणि मी देवाचं नाव घेत बसले होते. पेपरच्या कार्यालयात तो वार्ताहर भेटला. चांगला उंचापुरा, बोलायला गोड. म्हणाला, "आजी, एवढा दांडगा माणूस नुसत्या हातानं पडतो का? काहीतरी हत्यार असणारच ना."

"हुबा राहा," आत्याबाई म्हणाल्या.

तो बिचारा उभा राहिला. पुढचं सांगताना मला अजून हसू आवरत नाही... घोटा धरला, गडी फरशीवर, वरून घोंगडं! अख्खं कार्यालय खुर्च्या सोडून धावत आलं. घोंगड्याखालून आवाज येत होता, "पटलं आजी, पटलं!" त्यांचे वयस्कर संपादक तर चष्मा काढून डोळे पुसत हसत होते.

खुलासा आला. आतल्या पानावर, कोपऱ्यात, नखाएवढा. मी चिडले, "खोटं पहिल्या पानावर आणि खरं कोपऱ्यात!" पण आत्याबाई खूश. "आलं का नाय? इचारायला गेलं की सांगत्यात. माणसंच हायत ती." पेपर पुन्हा सुरू झाला. फरक एवढाच, की प्रत्येक बातमीवर आता त्या विचारायच्या, "ह्ये बघणाऱ्यानं सांगितलंय का ऐकणाऱ्यानं?" दुधी भोपळाही ह्याच प्रश्नात अडकला आणि आम्ही सगळे सुटलो.

त्या गेल्यावर दुसऱ्याच कुठल्या पेपरात बातमी आली, 'कुऱ्हाडवाल्या आजी कालवश.' जुनंच कुठून तरी उचललेलं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. नवरा म्हणाला, जाऊ दे. मी म्हटलं, जाऊ कसं दे? पण घरात दुःख होतं, पाहुणे होते, आणि ते तसंच राहिलं.

तेरावं झाल्यावर एका सकाळी फाटकाशी एक माणूस येऊन उभा राहिला. हातात घडी केलेला तोच पेपर. "ताई, मी... तो कपाटवाला," म्हणाला. मला हसावं की ओरडावं कळेना. शिक्षा भोगून आल्यापासून मंडईत हमाली करतो म्हणाला. "ह्ये खोटं छापलंय, ताई. आजीनं मला मारलं नाय. माझी पोरं आता वाचत्यात. बापानं काय केलं असंल म्हणून कुऱ्हाड पडली, असं वाटंल त्यांना. तुम्ही लिहा की पेपरात." मी म्हटलं, लिहिते. तरी तो जाईना. चपलेकडं बघत म्हणाला, "त्या शेजारच्या बाई वरडत भाईर गेल्या ना, तवा आजीनं घोंगडं काढलं. माझ्या तोंडाकडं बघितलं. मग ओढणी सोडली."

"सोडली?"

"व्हय. दार उघडंच व्हतं."

"मग पळालात का नाही?"

तो लाजला. एवढा बाप्या माणूस, अगदी लाजला. "आजीनं चहा ठेवला व्हता. म्हणाली, घे नि मग जा..."

त्या दिवशी दुकानातून आले तेव्हा गॅसवरचं पातेलं करपून काळं झालेलं मला आठवलं. माणूस धरलात, गॅस नाही बंद करता आला, असं मी विचारलं होतं, आणि आत्याबाई पातेलं उचलून घासायला बसल्या होत्या.

"मग प्यायलात का?"

"कुठलं ताई! तेवढ्यात सगळी गल्ली आली."

मी फाटक उघडलं. म्हटलं, बसा. आणि आत जाऊन चहा ठेवला.