मोटारवाल्याचे हप्ते

निजामाच्या पोलिसात मी बरीच वर्षे काढली, पण कोहिनूर गावच्या त्या मोटारवाल्याचे प्रकरण अजून मनातून जात नाही. मी तेव्हा बिदर जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा अमीन, म्हणजे प्रमुख होतो.

हा गृहस्थ भाड्याची मोटार चालवी. मोटार हप्त्यांवर घेतलेली. विकणाऱ्या कंपनीच्या एजंटाकडे तो दरमहा हप्ता भरत असे. एके सकाळी तो ठाण्यात आला.

"अमीनसाब, समदे हप्ते एजंटाच्या हातात दिलो. आता गुलबर्ग्याचा सावकार म्हणायलाय, तुझं कर्ज मी इकत घेतलो, मला हप्ते न्हाई आले, मोटार नेतो. कामून?"

"देण्याघेण्याचा मामला आहे. दिवाणी अदालतीत जा," मी म्हणालो. रोजनाम्यात नोंदही केली नाही.

आठवड्याने सावकाराच्या चार माणसांनी भर दुपारी मोटार अडवली. आत त्याची बाळंतपणात अडलेली बायको होती, तिला तो दवाखान्यात नेत होता. तो त्यांच्या पाया पडला. त्यांनी दोघांना रस्त्यावर उतरवले आणि मोटार नेली. बैलगाडी मिळेपर्यंत बाई गेली, पोटातले मूलही.

या वेळी मोटारवाल्याचा जबाब मी स्वतः लिहून घेतला. खाली त्याने कन्नडमध्ये सही केली. दोन दिवसांनी एका टायरवाल्याने खबर दिली, मोटार सावकाराच्या गोदामात आहे. मोटार जप्त केली, चौघांना पकडले. सावकाराचा मुनीम मात्र निर्धास्त होता. कंपनीने कर्ज सावकाराला विकल्याचा कागद त्याने पुढे केला.

"कर्ज आता आमचं म्हणून आमी त्याला नोटीस धाडलो होतो, साब. ही पोच."

पोचेवर मोटारवाल्याच्या नावाची सही होती, पण उर्दूत. त्याला उर्दूचे अक्षर येत नव्हते. पोस्टमनने सांगितले, नोटिशीवरचा पत्ता एजंटाच्या दुकानाचा होता आणि सही एजंटानेच केली.

एजंट मऊ बोलणारा, शिकलेला माणूस. सकाळभर तो काही कबूल होईना. शेवटी कोरा कागद देऊन मी त्याला मोटारवाल्याचे नाव उर्दूत लिहायला लावले. चार वेळा लिहून त्याने टाक खाली ठेवला. चारही वेळचे अक्षर पोचेवरच्या सहीचेच होते.

"कर्ज विकल्याचं त्याला का सांगितलं नाहीस?"

"सांगितलो असतो तर हप्ता मला कामून दिला असता, साब?"

एजंटाला सजा झाली, त्या चौघांनाही. सावकार कागदाच्या जोरावर सुटला. मोटार परत घेताना पावतीवर सही करून मोटारवाला म्हणाला, "त्या सकाळी तुमी एजंटाला नुसतं बोलावून इचारलं असतं तर, साब?"

मोटार ठाण्यासमोर तशीच सोडून तो पायी गावाकडे गेला.

त्यानंतर समोरच्या पक्षाला बोलावून विचारल्याशिवाय मी एकाही तक्रारदाराला परत पाठवले नाही. लोक याला माझी शिस्त म्हणत. दोन जीव गेल्यावर ती मला लागली, हे मी त्यांना कधी सांगितले नाही.