खाटेवरची टकटक

लेकीला डोस द्यायला दवाखान्यात आणलं होतं. बाकावर बसले होते, तेवढ्यात समोरच्या बाळंतपणाच्या खोलीतून टकटक ऐकू आली. त्या खोलीचं दार सदा उघडंच असतं आणि खाटांना पडदे नाहीत. तरी सफाईवाल्या मावशी खाटेच्या लोखंडी दांडीवर बोट वाजवूनच बाईजवळ जातात.

दीड महिन्यामागं त्याच खोलीतल्या एका खाटेवर मी होते. पहिलंच बाळंतपण, आणि माहेर दोन गाड्या बदलून जायच्या अंतरावर. कळ आली की सिस्टर खेकसायच्या, "नवऱ्याजवळ निजताना नाही ओरडलीस, आता कशाला बोंबलतेस?" मी पदर तोंडात कोंबला. अंगावर धड कपडा नव्हता, येणारा-जाणारा बघत होता. दुखण्यापेक्षा त्याचाच धसका जास्त.

मग टकटक झाली. मावशी चादर घेऊन उभ्या होत्या. "येऊ का गं बाई? पायांवर पांघरूण घालते. अन् ओरड की खुशाल, माझे कान तसेही कामातून गेलेत."

माझी शाळा सातवीत सुटली, लग्न ठरलं, या लांबच्या शहरात आले. कुणी वाईट चिंतलं नाही, पण मला विचारलंही नव्हतं कुणी. उघड्यावर पडलेल्या बाईलाही तिचं दार असतं, हे मावशींनी दाखवलं.

आज टकटक झाली तशी मी लेकीला घट्ट धरलं आणि कान देऊन बसले. आतली बाई दबक्या आवाजात म्हणाली, "या मावशी." आणि मग जीव खाऊन ओरडली.