सहाव्या सुराची जागा

सहावा सूर मी दुरुस्त करून आणला. त्यामुळे धम्मशीलाअक्काचं गाणं थांबलं. हे मीच सांगतो, कारण प्रसेनजित ते कोणालाही सांगणार नाही.

प्रसेनजित माझा मित्र. देऊळगाव राजात मोटार रिवायंडिंगच्या दुकानात काम करतो. धम्मशीलाअक्का त्याची मोठी बहीण. दोघं दयारामभाऊंच्या गायन पार्टीत. अक्का गायची, प्रसेनजित मशीन वाजवायचा, दयारामभाऊ ढोलकीवर.

मशीन म्हणजे जुना सिंथेसायझर. जालन्याचा एक ऑर्केस्ट्रा बंद पडला, तेव्हा भंगारात निघालेला. एकट्याला जेमतेम उचलेल एवढा जड. सुरू केल्यावर वीस मिनिटं तो बेसूरच असतो. "घामावर येऊ दे त्याले," प्रसेनजित म्हणतो. बटणांवरची इंग्रजी अक्षरं पुसली गेली होती. त्याने पांढरी पट्टी चिकटवून आपली नावं लिहिली. धार. घसा. शेपूट. घसा फिरवला की आवाज मोकळा होतो, नाहीतर नाकात जातो. शेपूट म्हणजे बोट उचलल्यावर सूर किती रेंगाळावा ते. मी मराठीत एम.ए. केलं. एवढी नेमकी नावं मला सुचली नसती.

आत सहा कार्डं. एका कार्डाचा एक आवाज. पहिला सूर दाबला की पहिलं कार्ड वाजतं, दुसऱ्याला दुसरं. सहा झाले की पुन्हा पहिलं.

गेल्या दिवाळीपासून सहावं वाजेना. पाच सूर आणि एक खड्डा. प्रसेनजितने सगळ्या चाली त्या खड्ड्याभोवती बसवल्या. तिथे ओळ थांबायची, ढोलकी थांबायची, मग पुढे. लोकांना वाटायचं, चालच तशी आहे. दयारामभाऊंना ते खुपायचं.

"प्रसेन, तुही मशीन उचकी देते का बे?"

"म्हातारी झाली भाऊ."

"म्हातारीले घरी बसवा लागते."

सगळे हसायचे. अक्काही हसायची.

अक्काने आठ वर्षं जिनिंगमध्ये काढली. कापसाची धूळ छातीत बसली. जिना चढताना ती मधे थांबते, हे मला माहीत होतं. डॉक्टरांनी नळीत फुंकायला सांगितलं, तर म्हणाली, "चुलीत फुकली तेवढी पुरे," आणि उठून आली. कोणी 'अक्का, दम घ्या' म्हटलेलं तिला खपत नसे. "दम तुह्या बायकोले दे," ती म्हणायची. पण गाताना तिला कधी धाप लागली नाही. निदान मला तसं वाटत होतं.

एप्रिलअखेर दयारामभाऊ स्पष्ट बोलले. उंद्रीच्या बुद्ध पौर्णिमेच्या कार्यक्रमाआधी मशीन सुधारली नाही, तर नवा कीबोर्डवाला आणू. प्रसेनजित 'हाव' म्हणाला. आणि त्याने काहीच केलं नाही. मला त्याचा राग आला. जळलेल्या मोटारी भरणाऱ्या माणसाला एक कार्ड सुधारता येऊ नये?

पौर्णिमेआधी तो डोणगावला चुलत भावाच्या लग्नाला गेला. मशीन घरीच होती. मी अक्काला म्हटलं, जालन्याला दुरुस्तीला नेतो.

"ने बाबा," ती म्हणाली. "त्याची जागा तं वाचंल."

मशीन गुंडाळायला गोधडी तिनेच दिली. बसमध्ये मी ती गुंडाळी मांडीवर घेऊन बसलो. कंडक्टरने विचारलं, "पेशंट हाये का?"

दुरुस्तीवाल्याने झाकण उघडलं आणि तो हसला. बिघाड काहीच नव्हता. सहावं कार्ड काढलेलं होतं. झाकणाच्या आतल्या बाजूला, मऊ फडक्यात गुंडाळून, पट्टीने चिकटवलेलं. त्याने ते जागेवर दाबून बसवलं. सहाही वाजले.

कोणी काढलं, का काढलं, हे माझ्या मनात यायला हवं होतं. मला वाटलं, प्रसेनजितने सुधारायला काढलं असेल आणि जमलं नसेल. मी खूश होतो.

उंद्रीला विहारासमोर मंडप होता. संध्याकाळचे सहा वाजले होते. प्रसेनजित डोणगावहून थेट आला. मी काही बोललो नाही. तो चकित व्हावा असं मला वाटत होतं. मशीन मीच घामावर आणून ठेवली होती.

पाच सूर वाजले. सहावाही वाजला.

प्रसेनजितने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. मग अक्काकडे पाहिलं. पुढच्या ओळीत त्याने सहावा सूर मुद्दाम सोडला. पण दयारामभाऊ रंगात आले होते. ढोलकी थांबली नाही. कोरस थांबला नाही. अक्काही मागे राहणारी नव्हती. पहिलं कडवं झालं. दुसरं झालं. तिसऱ्यात शब्द अर्ध्यात तुटला. मग खोकला आला. माइक तिच्या हातात होता. सगळ्या मंडपाने तो खोकला ऐकला.

प्रसेनजितने मशीन बंद केली. "मशीन बिघडली," तो म्हणाला.

"बिघडली?" दयारामभाऊ म्हणाले. "आज तं पहिल्यांदा बरोबर वाजून राह्यली होती!"

मंडपामागे अक्का खुर्चीवर बसली. पाणी प्यायली. मग मला विचारलं, "हर्षल, काय झालतं तिले?"

मी सांगितलं. काढलेलं कार्ड. फडकं. सांगता सांगता मलाही कळलं.

अक्का प्रसेनजितकडे बघत राहिली. "किती दिवसांपासून दम देऊन राह्यला मले?"

"दिवाळीपासून."

"अन् भाऊ म्हातारी म्हणे, तवा तू ऐकून घेतलं."

त्याने तिच्या हातातला रिकामा पेला घेतला.

"मले सांगाचं होतं."

"सांगतलं असतं तं मधी थांबली असती का तू?"

"नाही."

"मंग?"

आता पार्टीत करिष्मा गाते. वीस वर्षांची आहे. तिला खड्ड्याची गरज नाही. प्रसेनजितची जागा वाचली. तो मला एक शब्दही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

गेल्या रविवारी मी त्याच्या घरी गेलो. तो ओसरीत सराव करत होता. अक्का आत तूर निवडत होती. त्या दिवसापासून ती गायली नव्हती. घरातसुद्धा नाही. कार्ड पुन्हा काढू का, असं त्याने एकदा विचारलं होतं. "हात लावशील तं पाह्य," ती म्हणाली होती.

त्याने जुनी चाल धरली. कार्ड जागेवर होतं. पण पाच सुरांनंतर त्याचं बोट आपोआप उचललं गेलं. सवय.

त्या जागेत आतून सूर आला. एकच. सहावा.

प्रसेनजितने मान वर केली नाही. पुढचे पाच वाजवले. बोट उचललं. पुन्हा आतून एक सूर. थोडा कापरा, पण जागेवर.

तिसऱ्या वेळी आला नाही. त्याचं बोट हवेतच राहिलं. मी दाराकडे बघत होतो. आत सुपाचाही आवाज नव्हता. मी उठायला लागलो.

"थांब ना बे," आतून अक्का म्हणाली. "दम घेऊन राह्यली."