शाळा सोडण्याचे कारण

कमलाक्षी बाईंना गप्प बसवत नाही, आणि बोलायला घरात कुणी नाही. इब्रामपूरच्या शाळेत त्यांनी तीस वर्षं मुलं शिकवली. शेवटी पटावर तीनच मुलं उरली, तेव्हा शाळेला कुलूप लागलं आणि बाई घरी आल्या. नवरा जयवंत त्याआधीच गेलेला, मूलबाळ नाही. पहिला महिनाभर बाई मांजरालाच रागवत होत्या, "पाय पुसून ये गो!" मांजर त्यांना मुळीच जुमानत नव्हतं.

मग गावात दोन कुटुंबं भाड्यानं राहायला आली, एक पुण्याचं, एक कोल्हापूरचं. आईबाप दिवसभर लॅपटॉपसमोर, आणि मुलं म्हणे शाळेत जातच नाहीत, घरीच शिकतात! बाईंनी आधी नाक मुरडलं. मग मनात आलं, घरी शिकतात तर शिकवायला कुणीतरी लागेलच की. त्यांनी पडवी झाडली, भिंतीवर फळा लावला, चार चटया आणल्या आणि दारावर पुठ्ठा टांगला: 'घरी शिकणाऱ्या मुलांसाठी वर्ग. नऊ ते बारा. फी बोलून ठरवू.'

कोल्हापूरची तीन भावंडं आली, आणि पुण्याची आठ वर्षांची एकुलती एक अंकिता. पाववाला बाबाजी सायकलवरून भोंपू वाजवत आला की बाई एरवी दोन पाव घेत, त्या आता मधल्या सुट्टीसाठी आठ घेऊ लागल्या. सुपाऱ्या मांडून पाढे झाले, शेताच्या बांधावर बसून विज्ञान झालं. बाईंचा आवाज पुन्हा खणखणीत झाला.

चार महिने झाले आणि बाईंचा हात शिवशिवला. प्रगतिपुस्तकाशिवाय सत्र संपतं का कधी? पेडण्याच्या दुकानातून त्यांनी चार कोरी प्रगतिपुस्तकं आणली, वळणदार अक्षरात भरली आणि लाल शाईनं नंबर घातले. अंकिता चौथी. चौघांत चौथी! बाईंना त्यात काही खटकलं नाही. वर्तणूक 'उत्तम' लिहिली होती ना.

संध्याकाळी कोल्हापूरकरांचा फोन आला. "बाई, या नंबरांपायीच तर आम्ही शाळा सोडली. उद्यापासून मुलं येणार नाहीत." पुणेकरांचा फोनही आला नाही, आणि अंकिताही आली नाही.

आठ दिवस बाई नऊच्या ठोक्याला पडवीत येऊन बसल्या. रिकाम्या चटया झटकून पुन्हा अंथरायच्या. एकटेपणाची त्यांना सवय होती, ती या चार पोरांनी मोडून टाकली होती.

"बाये, आठ मगे?" बाबाजीनं विचारलं.

"दोनच दी रे."

कोल्हापूरकरांनी साफ नाही म्हटलेलं, म्हणून नवव्या दिवशी बाई अंकिताचा शाळा सोडल्याचा दाखला लिहायला बसल्या. मूल गेलं की दाखला द्यायचा, हा त्यांच्या अंगात मुरलेला नेम. नाव, जन्मतारीख, प्रगती भराभर झालं. 'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्याशी पेन अडलं. बऱ्याच वेळानं त्यांनी लिहिलं: बाईंची चूक. माफी मागायची त्यांना एवढीच रीत येत होती. दाखला वाचून अंकिताची आई म्हणेल, असू दे, उद्यापासून पाठवते, अशी आशा धरून त्या निघाल्या.

अंकिताची आई, तेजस्विनी, दारात खोकी बांधत होती. दाखला वाचून ती गडबडली.

"अहो बाई, चूक कसली? अंकिता ते प्रगतिपुस्तक उशाशी घेऊन झोपते. भेटेल त्याला सांगते, मी चौथी आले! आता हट्ट धरलाय, खऱ्या शाळेत जायचं, जिथं चाळीस मुलं असतात. आम्ही पुण्याला परत चाललोय. तुम्हाला सांगायला यायचं होतं, पण पाय उचलत नव्हता."

आतून अंकिता धावत आली. "बाई, चाळिसांत माझा कितवा नंबर येईल?"

बाईंनी तिच्या कपाळावरचे केस मागे सारले.

"कितवोय येवंदे गो," त्या म्हणाल्या. "खेळूक तुका चाळीस जणां मेळतली."

मग त्यांनी पेन मागितलं. 'बाईंची चूक' यावर रेघ मारून खाली लिहिलं: पुढील शिक्षणासाठी. खाडाखोडीशेजारी नियमाप्रमाणे सही केली आणि दाखला अंकिताच्या हातात दिला.

घरी येऊन बाईंनी तीन चटया गुंडाळून ठेवल्या. चौथी, अंकिताची, तशीच राहू दिली, आणि फळ्याकडे तोंड करून तिच्यावर स्वतःच बसल्या.